गोणपाटाखालचा एसी

प्रिय राजा,

सप्रेम जय भीम. परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, एक एसी सांभाळता येईना का तुम्हाला?" आणि फोन ठेवून दिलास. माझं बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून हे पत्र.

एसी का बंद पडला, ते आधी ऐक. त्याचं बाहेरचं यंत्र पश्चिमेच्या भिंतीवर, भर उन्हात. आई त्याच्याकडे बघून हळहळायची. "माझ्या राजाची वस्तू हाय, उन्हात तापून राह्यली बिचारी," म्हणत तिनं यंदा त्यावर गोणपाट टाकलं आणि सुतळीनं घट्ट बांधलं. मी सोडायचे. माझी पाठ वळली की ती पुन्हा बांधायची. त्या यंत्राला गरम हवा बाहेर फेकायला जागा लागते. गोणपाटाखाली ते गुदमरलं आणि जळालं. तू दिलेल्या वस्तूवर आईचा असा जीव आहे. हसावं की रडावं, मला कळत नाही.

पण सगळा दोष आईचा नाही. मागच्या वर्षी जाफराबादहून राधेश्याम मिस्त्री आला होता. म्हणाला, "ताई, इथली धूळ लई बेकार. दर उन्हाळ्याआधी आतून-बाहेरून धुवून घेत जा, न्हाई तर बसंल एक दिवस." यंदा त्याला बोलवायचं का, म्हणून तुला विचारलं, तर तू म्हणालास, चालू आहे ना, मग कशाला फुकटचा खर्चा? तो आला असता तर गोणपाट पाहूनच ओरडला असता. माझं नाही, पण त्याचं आईनं ऐकलं असतं.

चालू आहे ना! माझ्याबद्दलही तू हेच म्हणत आलास. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू एसी बसवलास, गल्लीत पेढे वाटलेस, मोबाइलवर फोटो टाकलास आणि पुण्याला परत गेलास. मी शाळेतली नोकरी सोडली, त्याचा फोटो कुणी काढला नाही. एसीची जाळी मीच नळाखाली धरते, मळणीच्या दिवसांत तिच्यातून भुशाचा लगदा निघतो. बाबांची कूस बदलायची, पाठ पुसायची, चादर ओढून घ्यायची, तेही मीच. तरी अख्ख्या टेंभुर्णीत नाव तुझंच, तातेराव गुरुजींचा पोरगा किती गुणी! ऐकून माझं डोकं फिरतं, राजा. खोटं कशाला बोलू?

एसी बंद पडल्यापासून बाबांच्या पाठीवर घामोळं उठलं होतं, आता तिथे जखम झाली आहे. त्यांना बोलता येत नाही. मी पाठ पुसताना नुसते बघत राहतात.

नवीन एसी पाठवतो म्हणालास. पाठव. पण मला अंकुशनगरच्या शाळेत नोकरी मिळाली आहे आणि मी होकार कळवून टाकला आहे. शाळा उघडण्याआधी मी निघणार. एकट्या आईला बाबा उचलवत नाहीत, त्यामुळे या वेळी एसीबरोबर तूही ये, आणि राहायला ये. जाळी कशी काढायची ते दाखवीन, ते सोपं आहे. जखमेला धक्का न लावता बाबांना कुशीवर वळवायचं कसं, हे शिकायला मात्र वेळ लागतो. मी असेपर्यंत ये.

तुझीच,
संध्याताई