‘अज्ञात’ कोरणार नाही

रविवार, ९ मार्च
दुकानातून, शटर अर्धं ओढून

प्रिय ताई,

तू रागावली आहेस, पण मोठीही आहेस, म्हणून नमस्कार आधी. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि ती ऐकत नाही म्हणून डॉक्टर त्याहून जास्त कुरकुरतात. भाऊजींचा खोकला गेला असेल अशी आशा. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र फाडायचं तरी आधी दोन ओळी वाचल्या जातातच.

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ: ‘ती पाटी काढ, नाहीतर मी तुझी बहिण नाही.’ ताई, ‘हि’ची वेलांटी चुकली. ‘बहीण’ दीर्घ असते. रागातसुद्धा.

उत्तरही एका ओळीत देतो. पाटी काढणार नाही.

आता सगळं नीट सांगतो, कारण फोनवर मी भलतंच बोलत बसलो होतो. संग्रहालयात नवं दालन झालं, त्याच्या पितळी पाट्यांचं काम माझ्याकडे आलं. मला कोरायला कुणी शिकवलं नाही. गुरू नाही, प्रमाणपत्र नाही. पण या शहरातल्या निम्म्या डॉक्टर-वकिलांची नावं माझ्या हाताखालून गेलीत आणि त्यातला एकही काना वाकडा नाही. तर मजकुराच्या कागदावर एका ठिकाणी होतं: ‘उभी स्त्री. ब्राँझ. मॉडेल: अज्ञात.’ आणि वर मूर्तिकाराचं नाव. आई ज्यांच्याकडे बसायला जायची ते मास्तर. ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी मूर्ती संग्रहालयाला देऊन टाकली.

वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पाटीचं माप ठरवत नाही. गेलो.

आधी पावलं पाहिली. डाव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटाशी भांडण झाल्यासारखा फटकून उभा. आईचा तसाच आहे, माझाही. भार डाव्या पायावर, उजवी टाच किंचित उचललेली. उजवा हात मानेमागे, उकडतंय म्हणून केस वर धरावेत तसा. खांद्यावर मास्तरांच्या अंगठ्याचा ठसा राहिलाय, मातीतला ठसा जसाच्या तसा धातूत उतरलाय. रंग काळसर तपकिरी, नाकाचा शेंडा मात्र पुसून पुसून पिवळा.

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना म्हटलं, “यातला एक शब्द मी कोरणार नाही.”

“कोणता?”

“अज्ञात. ही माझी आई आहे.”

बाई हसल्या नाहीत, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. म्हणाल्या, “असं कुणीही म्हणू शकेल हो.”

“आजवर कुणी म्हटलं का?”

“तरी पुरावा लागेल.”

“घेऊन येतो. फक्त तुमच्या पायऱ्या फार आहेत, तिला चढायला वेळ लागेल.”

ताई, तुझी शरम मला कळत नाही असं समजू नकोस. वर्गात बाईंनी विचारलं होतं, आई काय करते, आणि तू ताठ उभी राहून सांगितलंस, “बसायला जाते.” मास्तरांसमोर मूर्तीसाठी तासन्‌तास न हलता राहायचं, त्याला आपल्या घरात तोच शब्द होता. कामाला जाते, बाजारात जाते, तसं बसायला जाते. वर्ग हसला. ते गल्लीत पोचलं. समोरची म्हणाली, “बसून पैसे मिळतात म्हणे! आम्ही मेल्या उगाच उभ्याने राबतो.” त्या दिवसापासून तू सगळ्यांना सांगू लागलीस की आई कलाशाळेत शिपाई आहे. मी तुझ्या मागे मान डोलवायचो. पण तेव्हा आपण लहान होतो. आता तुझी नातवंडं आहेत.

आई आली. प्रत्येक पायरीला मास्तरांना एक शिवी देत चढली. मूर्तीसमोर उभी राहिली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “नाक चुकलंय.” मग तिने मूर्तीच्या खांद्यावर हात ठेवला. पहारेकरी धावला.

“आजी, मूर्तीला हात लावायचा नाही!”

“माझ्या खांद्याला हात लावायला तुला विचारू?”

पिशवी माझ्याकडे दिली, चपला काढल्या, आणि हात मानेमागे नेऊन टाच उचलली. बाई एकदा तिच्याकडे बघतायत, एकदा मूर्तीकडे. गुडघा थरथरायला लागला म्हणून मी पुढे झालो, तर म्हणाली, “थांब. सांगेपर्यंत हलायचं नसतं.” शेवटी बाईच कळवळून म्हणाल्या, “झालं आजी, झालं!” तेव्हा हात खाली आला.

बाईंनी विचारलं, “मग ‘मॉडेल’ म्हणून तुमचं नाव घालू ना?”

“मॉडेल कॅलेंडरवर असतात. मी उभी राहिले, तसं लिहा. सगळे बसायला जाते म्हणायचे, पण बसायचे ते याचे वडील. बाहेरच्या बाकावर, पेपर वाचत, माझं संपेपर्यंत.”

वाचलंस? ‘बाबांना कळलं असतं तर’ असं तू म्हणतेस ना? बाबा बाकावर होते.

तर पाटीवर आहे, ‘उभ्या राहिल्या:’ आणि पुढे आईचं पूर्ण नाव.

फोनवर तू एकच गोष्ट विचारली होतीस आणि मी ब्राँझच्या रंगाबद्दल बोलत राहिलो. वरही बघ, पावलं सांगितली, खांदा सांगितला, नाक सांगितलं. मधलं गाळलं. तर ऐक. नाही, अंगावर काही नाही. एक धागाही नाही. पहिल्यांदा मलाही कुठे बघावं कळेना. आईला मात्र सगळीकडे बघता आलं. तिला लाज वाटली नाही, तर तिच्या वतीने लाजायचा मक्ता आपल्याला कुणी दिला? तुझे व्याही संग्रहालयात गेलेच, तर जाऊ देत. पाटी वाचू देत. अक्षर स्वच्छ आहे.

आणखी एक राहिलंय. फोनवर तुझा आवाज ऐकून माझ्या तोंडून निघालं नाही.

मूर्तीचं पोट सपाट नाही. मला वाटलं, मास्तरांची हौस. उतरताना आई जिन्यात दम खायला थांबली आणि म्हणाली, “पाचवा चालू होता. मास्तर म्हणाले, ‘बाई, आता येऊ नका, मूर्ती रोज बदलावी लागतेय.’ मी म्हटलं, मग रोज बदला. पोट माझं, माती तुमची.” आणि त्यांनी बदललं, ताई. आठवड्या-आठवड्याला माती चढवत गेले. मूर्तीच्या पायाशी साल कोरलंय. तुझ्या जन्माचं.

पाटीवर जागा वाया घालवणारा कारागीर मी नाही, गिऱ्हाईकं त्यावरूनच माझं नाव घेतात. या पाटीवर मात्र आईच्या नावाखाली एका ओळीची जागा कोरी ठेवलीय. बाईंना सांगितलंय, त्याबद्दल विचारायचं ते माझ्या बहिणीला विचारा. तिथे काय यायचं, की काहीच नाही यायचं, ते तू ठरव. मी आग्रह करणार नाही. पण वरची ओळ पितळेत गेलीय, आणि पाटीचे चारही स्क्रू मी स्वतःच्या हाताने पिळलेत.

येणार असलीस तर सकाळी ये. खिडकीतून ऊन तिच्यावर येतं तेव्हा ती बरी दिसते. तुम्ही दोघी बऱ्या दिसता.

तू नातं तोडलंस तरी हे तुला तोडता येणार नाही,

तुझ्या पाठचा