टापीर मादीच्या तोंडचा पाला परत मिळणेबाबत

प्रति,
माननीय मुख्य संरक्षण अधिकारी
(प्राणी शाखा व वनस्पती शाखा, दोन्हींचे एकच प्रमुख),
संरक्षण कार्यालय, पहिला मजला,
लिफ्ट बंद असते ती बाजू.

विषय: कुंपण क्रमांक तीनमधील गाभण टापीर मादीस येत्या गुरुवारी बेशुद्धीची सुई मारून पकडण्याचा आदेश रद्द करणे, व तिचा पाला तिला खाऊ देणेबाबत.

संदर्भ: १) आपला आदेश, मागील महिन्याची चार तारीख. २) आपलाच दुसरा आदेश, तीच तारीख. ३) मादीच्या नावे आलेली नोटीस, चालू महिन्याची तेरा तारीख. ४) पकडण्याचा आदेश, काल, सोळा तारीख. ५) अर्जदाराचे यापूर्वीचे सात अर्ज. ते आपल्याकडे असतीलच, कारण एकही परत आलेला नाही.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार ही कुंपण क्रमांक तीनवर पाला कापण्याच्या कामावर तेवीस वर्षे आहे. तिच्याआधी हेच काम तिचे सासरे करीत. या तेवीस वर्षांत आपल्या खुर्चीवर नऊ साहेब बसून गेले, आणि अर्जदाराने नवांनाही तितक्याच आदराने नमस्कार केलेला आहे. त्यामुळे तिला वरिष्ठांचा मान ठेवता येत नाही, हा प्राणी शाखेच्या साहेबांनी मारलेला शेरा खरा नाही. मान ठेवता येतो. कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो, एवढेच.

२. आपण सदर प्राणी एकदाच, नव्या फलकाच्या उद्घाटनाला, लांबून आणि गॉगलमधून पाहिलेला असल्याने माहितीसाठी नमूद करण्यात येते की, टापीर हा अंगाने गाढवापेक्षा थोराड, पायाने आखूड, नाकाची वीतभर सोंड असलेला, पुढून-मागून काळा आणि मधे पांढरा असा गरीब प्राणी आहे. पाला, कोवळे कोंब आणि पडलेली फळे यांखेरीज तो कशाला तोंड लावत नाही. आपल्याच पत्रकानुसार या जंगलात असे बावीस उरले आहेत. मादी तेरा महिने पोटात वाढवते आणि एकच पिल्लू देते. आपल्या मादीला अकरावा महिना चालू आहे. म्हणजे बाविसाचे तेवीस होण्याची जी काही आशा या कार्यालयाला आहे, ती सध्या तिच्या पोटात आहे, फायलीत नाही.

३. ही मादी ज्यावर वाढली त्या झाडाला कामावरचे लोक लालशेंडा म्हणतात, कारण त्याची नवी पालवी तांबडी असते. कुंपणामागच्या उतारावर अशी एकेचाळीस झाडे आहेत. सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत अशी की रोज एकाच झाडाला हात लावायचा, खालच्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा घ्यायचा, आणि पानावर ऊन चढायच्या आत काम उरकायचे. मग त्या झाडाची पाळी परत एकेचाळीस दिवसांनी. कापलेली फांदी पुन्हा फुटते, न कापलेली उंच निघून जाते. चाळीस वर्षांत या पद्धतीने एकही झाड मेलेले नाही. एक पडले, पण त्यावर कार्यालयाची जीप आदळली होती.

४. असे सगळे सुरळीत चालले असता मागील महिन्याच्या चार तारखेला, सोमवारी, अर्जदाराच्या हातात दोन आदेश पडले. पहिल्यात म्हटले होते की, गाभण मादीस लालशेंड्याचा ताजा पाला दिवसातून दोनदा देण्यात यावा; कसूर झाल्यास पाला कापणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होईल. दुसऱ्यात म्हटले होते की, लालशेंडा हे झाड दुर्मिळ घोषित झाले असून त्याचे पान, फांदी वा साल तोडल्यास पाला कापणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होईल. दोन्ही कागदांवर सही आपली, शाई एक, आणि चहाच्या कपाचा गोल डागही एकच, अर्धा या कागदावर, अर्धा त्या कागदावर. कारवाई मात्र दोन्हीकडून अर्जदारावरच. इकडे आड तिकडे विहीर हे ऐकून होते, पण दोन्ही खणणारा माणूस एकच निघेल असे वाटले नव्हते.

५. अर्जदार प्रथम प्राणी शाखेत गेली. तेथील साहेबांनी, "पाला वनस्पतीत येतो, तिकडे जा," असे सांगितले. वनस्पती शाखेतील साहेबांनी, "खाणारा प्राणी आहे ना, मग तिकडची ना-हरकत आणा," असे सांगितले. या दोन दारांमध्ये एक भिंत आणि एक पाण्याचे पिंप आहे. अर्जदाराची धाकटी जाऊ त्याच वऱ्हांड्यात झाडू मारते. तिने मोजून सांगितले की एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत बरोबर नऊ पावले होतात. ना-हरकतीचा कागद ही नऊ पावले एकोणीस दिवसांत चालून गेला, कारण तो आधी आवक-जावकमधून मुख्य इमारतीत जातो, तेथे त्याला आकडा पडतो, आणि मग तो परत येतो. पोहोचल्यावर वनस्पती शाखेने त्यावर लिहिले की विषय समितीपुढे ठेवावा. समिती तीन महिन्यांनी बसते. टापीर मादी समितीप्रमाणे तीन-तीन महिन्यांनी जेवत नाही, हे जावेने झाडू मारता मारता साहेबांना ऐकवले, त्याबद्दल तिचा एक दिवस कापला गेला. जाऊ म्हणते, हरकत नाही, तेवढ्यात घरची पांघरुणे धुऊन झाली.

६. दरम्यान प्राणी शाखेने पर्याय म्हणून पेंडीच्या गोळ्यांची सोळा पोती पाठवली. पोत्यावर गायीचे चित्र होते. इथेच घोडे पेंड खाते, साहेब. टापीर खात नाही. मादीने पहिल्या दिवशी सोंड लावून गोळ्या हुंगल्या, शिंकली, आणि पाठ फिरवून बसली. प्राणी शाखेने अहवालात लिहिले: "गोळ्यांचा स्वीकार हळूहळू होत आहे." स्वीकार उंदरांनी केला. मादी कुंपणात पडलेल्या फळांवर कशीबशी तगली. मादीचे वजन दर सोमवारी होते: चार तारखेला तीनशे बारा किलो, चालू महिन्याच्या नऊ तारखेला दोनशे एकाहत्तर. पोटात पिल्लू वाढत असताना आईचे एकेचाळीस किलो गेले. डॉक्टर भला माणूस आहे. दुसरे काही चालेना तेव्हा त्याने औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिले, "लालशेंडा पाला, ताजा, सकाळ-संध्याकाळ, पोटभर." औषध भांडाराने ती चिठ्ठी परत केली: सदर औषध यादीत नाही, समान गुणाचे दुसरे द्यावे.

७. आता वनस्पती शाखेच्या कर्तबगारीविषयी. दुर्मिळ लालशेंड्याची रोपे करण्यासाठी या शाखेने चार वर्षे ट्रेमध्ये बी पेरले. सावलीत पेरले, उन्हात पेरले, कोमट पाण्यात भिजवून पेरले. एक कोंब वर आला नाही. मग गेल्या वर्षी अचानक गोदामामागे सेहेचाळीस रोपे सापडली. शाखेला गौरवपत्र मिळाले. ते चौकटीत लावले आहे आणि जाऊ ते रोज पुसते. साहेब, गोदामामागे अर्जदार तेवीस वर्षे मादीचे शेण टाकत आलेली आहे. लालशेंड्याचे फळ टापिराच्या पोटातून गेल्याशिवाय त्याचे बी रुजत नाही, हे अर्जदाराच्या सासऱ्यांना लिहिता-वाचता न येताही ठाऊक होते. वनस्पती शाखेच्या साहेबांना हे सांगितले, तर म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचा पाला बघा." पाला बघायला बंदीही त्यांचीच. वर स्वच्छतेच्या कारणास्तव तेथे शेण टाकणे बंद करण्यात आले, आणि आता ते बियांसकट कचऱ्याच्या गाडीत जाते. जे जनावर हे झाड लावते त्याच्यापासून झाड वाचवायचे, आणि जे झाड त्या जनावराला जगवते त्याच्यापासून जनावर लांब ठेवायचे, असे हे संरक्षण आहे. दोघेही मेले की दोन्ही शाखांचे काम पूर्ण झाले असे धरायचे काय, हे कळवावे.

८. बारा तारखेला, गुरुवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अर्जदाराने कुंपण व उतार यांमधले फाटक उघडले. चुकून उघडले नाही, कडी गंजलेली नव्हती, आणि अर्जदाराला चक्करही आली नव्हती. चौकशीत हे तिन्ही प्रश्न येतात म्हणून आधीच उत्तर दिले. अर्जदाराने आदेश मोडलेला नाही. पान तोडण्यास मनाई कर्मचाऱ्याला होती, आणि अर्जदाराने एकही पान तोडले नाही. मादी हळूहळू गेली, मधे दोनदा बसली, आणि पहिल्या झाडाखाली उभी राहून दोन तास खात राहिली. त्या दोन तासांत अर्जदार रडली. हे अर्जात लिहायचे नसते असे जाऊ म्हणाली, पण बाकी सगळे खरे लिहायचे आणि तेवढेच गाळायचे, हे जमले नाही.

९. दुसऱ्या दिवशी वनस्पती शाखेची नोटीस आली. नुकसान करणाऱ्याचे नाव: टापीर मादी. राहणार: कुंपण क्रमांक तीन. व्यवसाय या रकान्यात कारकुनाने आडवी रेघ मारली आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा न आल्यास काही म्हणायचे नाही असे समजण्यात येईल, असे खाली छापलेले आहे. मुदत टळू नये म्हणून मादीच्या वतीने खुलासा कालच सादर केला, त्याचा मजकूर असा: भूक लागली होती.

१०. फाटक उघडल्यापासून मादी उतारावरच आहे, त्यावर काल संध्याकाळी तिला पकडण्याचा आदेश निघाला. शनिवारी बाहेरून पाहुणे येणार आहेत आणि त्यांना झाड एका कुंपणात व प्राणी दुसऱ्या कुंपणात असे दाखवायचे आहे, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. इतकी स्पष्ट भाषा या कार्यालयात अर्जदाराने प्रथमच वाचली. डॉक्टरने लेखी दिले आहे की या वजनावर, या महिन्यात सुई मारली तर पिल्लू नक्की जाईल आणि मादीही बहुतेक जाईल, आणि तो स्वतः सुई मारणार नाही. म्हणून सुई मारणारा बाहेरून बोलावला आहे. झाडाच्या चार फांद्या वाचाव्यात म्हणून दोन जीव घालवायचे, आणि हे करणाऱ्या खोलीच्या दारावर संरक्षण अशी पाटी लावायची. अर्जदार यापुढे काही लिहीत नाही, कारण जे सुचते ते अर्जाच्या भाषेत बसत नाही.

११. तरी आपणास विनंती की, गुरुवारची सुई रद्द करावी, मधले फाटक उघडे ठेवावे, आणि पाला पूर्वीप्रमाणे पाळीपाळीने कापू द्यावा. पाहुण्यांपुढे लाज वाटत असेल तर मादी शनिवारी पालाच खाताना दिसेल. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

१२. शेवटचा मुद्दा आदेशाच्या परिच्छेद सहाविषयी. मादी गर्द झाडीत राहत असल्याने नेम धरता येत नाही, सबब पाला कापणाऱ्या कर्मचाऱ्याने गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे शीळ घालून तिला मोकळ्या जागेत बोलवावे, असे त्यात म्हटले आहे. ही शीळ सासऱ्यांनी शिकवली. सून शीळ घालते म्हणून सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या. मादी दीड महिन्याची, आईवेगळी अशी आणली गेली तेव्हापासून आजपर्यंत या शिळेला एकदाही आली नाही असे झाले नाही. गेल्या महिन्यात हातात पाला नसतानाही ती येत होती, म्हणून अर्जदाराने स्वतःच शीळ बंद केली होती. विनंती मान्य होणार नसेल, तर विळा, टोपली, गमबूट, रेनकोट, कुंपणाची किल्ली व ओळखपत्र या अर्जासोबतच जमा करून घ्यावे. सरकारी सामानाची यादी दोनदा वाचली. शीळ तिच्यात नाही. ती अर्जदार जमा करणार नाही, आणि गुरुवारी घालणारही नाही.

आपल्या उत्तराची नव्हे, गुरुवारची वाट पाहणारी,
अर्जदार,
पाला कापणारी, कुंपण क्रमांक तीन
(सही)

दिनांक: मंगळवार, सतरा तारीख, दुपारी बारा.

सोबत:
१) वजनाच्या वहीची नक्कल.
२) डॉक्टरचे पत्र, व भांडाराने परत केलेली चिठ्ठी.
३) वाळलेले शेण, एक पिशवी, त्यात उगवलेली रोपे सात. वनस्पती शाखेने पाणी घालावे.
४) परिच्छेद बारामधील सामान, नग सहा. पोच द्यावी.