दारावरची पत्र्याची पाटी आणि इतर मिळकत

लिहून ठेवणार: जोतीराम बिरू कोकरे, वय ६२, धंदा निवृत्त प्राध्यापक (वनस्पतिशास्त्र), राहणार जळोची, ता. बारामती, जि. पुणे.

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाशिवाय, डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चौतीस वर्षे विद्यार्थ्यांच्या पालकांचे फोन घेऊनही डोके ठिकाणावर राहिले, याचे डॉक्टरांना नवल वाटले नाही, मला मात्र वाटते. गेल्या रविवारी केलेला कच्चा मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला, हे कलम ६ मध्ये लिहिले आहे.

कलम १. जळोचीचे राहते घर आणि बँकेतील सर्व शिल्लक पत्नी कौसल्या हिला. फाटकाला बेल बसवायची तिची फार इच्छा होती. बेल पाहून विद्यार्थी घरी यायला लागतील म्हणून मी बसवू दिली नाही. आता तिने खुशाल बसवावी.

कलम २. वरकुटे येथील वडिलार्जित जमीन मुलगा ऋषिराज याला. बांध फूटभर सरकला तर हा भावकीशी महिनाभर बोलत नाही. पण बापाने पेपर तपासायला घेतले की याचा फोन ठरलेला, "पप्पा, आपलाच हाय तो, तेवढं बघा की." मी कधी बघितले नाही. त्याचा राग त्याने आता सोडावा, जमीन पूर्ण देत आहे.

कलम ३. माझ्या माजी सहकाऱ्यांना काही नाही. कॉलेजचे नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांचे वकील रिकामेच असतात. इंदापूर तालुक्यात आहे, एवढे पुरे. पोरांकडून गॅसची टाकी आणवायची, लाईट बिलाच्या रांगेत त्यांना उभे करायचे, आणि त्याच पोराने वर्गात पाय पसरले की स्टाफरूममध्ये येऊन संस्कारांवर बोलायचे, हे मला शेवटपर्यंत पटले नाही. असे वागलेले माझ्या मातीला आले नाहीत तरी चालेल.

कलम ४. विद्यार्थीही काही कमी नव्हते. निकालाआधी पाया पडायचे आणि निकालानंतर ओळख दाखवायची नाही. वर्षभर तोंड न दाखवता ऐन दिवाळीत मेसेज, "सर, सिलॅबस काय आहे?" माझ्या शोकसभेला त्यांना सक्तीने बसवू नये आणि बसवलेच तर हजेरी धरू नये.

कलम ५. केबिनच्या दाराबाहेरची पत्र्याची पाटी. ही मी निवृत्तीच्या दिवशी स्वतः काढून घरी आणली. लॅबचा शिपाई गोकुळ याने रंगवली होती. तिच्यावर चार नियम आहेत:
एक, जर्नल ठरलेल्या तारखेला चार वाजेपर्यंतच.
दोन, माझ्या घरी येऊ नये.
तीन, मी माझी कामे सांगणार नाही, तुम्ही वशिला आणू नये.
चार, आत कोणी असेल तर बाहेर थांबावे, मध्ये बोलू नये.
पाटी माझ्या जागी आलेल्या प्रा. उत्कर्षा यांना द्यावी. मात्र कलम ७ वाचल्याशिवाय लावू नये.

कलम ६. माझा स्वतःचा मायक्रोस्कोप. मसुद्यात तो मी प्रतिक्षा हिला लिहिला होता. प्रतिक्षा वरकुट्याचीच, दगडाबाईंची मुलगी. माझ्या हाताखालून गेलेल्यांत तिच्यासारखे पानाचे छेद कोणी घेतले नाहीत. मार्च २०१७ मध्ये ती जर्नल घेऊन आली तेव्हा घड्याळात चार पंचवीस झाले होते. मी सही केली नाही. सहीशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही. तिचे वर्ष गेले आणि ती लोणी देवकरला कंपनीत पॅकिंगला लागली. त्याच दिवशी बापूसाहेब नावाचे एक वजनदार पालक मुलाचे जर्नल दुसऱ्या दिवशी घ्यावे म्हणून माझ्यासमोर तासभर बसून चहा पीत होते. त्यांच्याही मुलाला मी सही दिली नाही. दोघांना एकच माप लावले, असे मी नऊ वर्षे लोकांना अभिमानाने सांगत आलो.

गेल्या रविवारी तिला बोलावले. ती फाटकाशीच थांबली आणि घरी यायचा नियम सुटला का, असे तिने विचारले. आत आल्यावर मसुदा वाचायला दिला. त्यात मी लिहिले होते, "नियम बरोबर होता, तरी वाईट वाटले." तिने कागद खाली ठेवला.

"सर, मी उशिरा आलेच न्हवते. चारला दहा मिनटं कमी व्हती तवा दाराशी आले. आत पाव्हणं व्हतं. पाटीवर लिवलं व्हतं, म्हणून थांबले. नंतर सांगाया गेले, तर तुमी नुस्तं घड्याळ दाखवलं."

मी लगेच गोकुळला फोन लावला. तो म्हणाला, "व्हय सर, उभी व्हती पोरगी. तुमीच सांगितलं व्हतं, पाव्हणं असल्यावर मधी बोलायचं न्हाय."

बापूसाहेबांचे पोर वडिलांच्या वशिल्याने दुसऱ्या कॉलेजातून परीक्षेला बसून त्याच वर्षी पास झाले. प्रतिक्षाने पदवी पुढे बाहेरून, नोकरी करत घेतली. मी तिचे वर्ष खाल्ले. हे मला स्पष्ट लिहायचे आहे, आणि लिहिताना माझा माझ्यावरच इतका संताप होत आहे की हा कागद दोनदा फाडावा लागला.

मायक्रोस्कोप तिने नाकारला. साक्षीदार कोण आहेत, एवढेच विचारले. मी म्हणालो, एक गोकुळ, दुसरा अजून ठरलेला नाही. वकिलांनी सांगितले होते की, ज्याला काही मिळणार असेल त्याने साक्षीला राहू नये. तेही तिला सांगितले. ती म्हणाली, "मग मला काय नका देऊ. सही मी करते." म्हणून मायक्रोस्कोप प्रा. उत्कर्षा यांच्या लॅबला द्यावा. तो कुलपात ठेवू नये.

कलम ७. पाटी लावण्यापूर्वी चौथ्या नियमाखाली ही ओळ रंगवावी: "बाहेर थांबलेल्याची वेळ तो दाराशी आला तेव्हापासून धरली जाईल." खर्च माझ्या शिल्लकेतून करावा. बाकी तीन नियम मी मागे घेत नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

स्थळ: जळोची, बारामती
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२६, दुपारी ४ वाजता

(सही) जोतीराम बिरू कोकरे

साक्षीदार १: (सही) गोकुळ, निवृत्त शिपाई. पाटी मीच रंगवली होती, नवी ओळही मीच रंगवीन.

साक्षीदार २: (सही) प्रतिक्षा, रा. वरकुटे, ता. इंदापूर. मी ३.५० ला आले. दार उघडे होते.