तीन नंबरची रिंग

मी, वासुदेव पुंडलिकराव हेडाऊ, वय चौऱ्याहत्तर वर्षे, शिक्षण एम.टेक. (धातुशास्त्र), राहणार शहापूर, तालुका व जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकिलांनी करून आणलेला मसुदा मी परत केला. त्यात अकरा चुका होत्या आणि त्यांपैकी दोन माझ्या वडिलांच्या नावात होत्या.

१. दिनांक २ मार्च २०१६ चे माझे मृत्युपत्र, ज्यान्वये माझे वर्कशॉप पुतण्या भूपेंद्र यास मिळणार होते, मी या लेखाने संपूर्णपणे रद्द करतो. त्याची प्रत भूपेंद्रने लॅमिनेट करून घेतली आहे. लॅमिनेट केल्याने कागद टिकतो, हक्क टिकत नाही.

२. माझे राहते घर पत्नी शकुनबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, व तिच्यानंतर मुलगी रुचिका हिचे राहील. बँकेतील मुदतठेवी निम्म्या शकुनबाईला व निम्म्या यादोराव यांना द्याव्यात. यादोराव हे माझे नातेवाईक नाहीत. त्यांना का, याचे उत्तर कलम ४ मध्ये आहे.

३. माझ्या धंद्याविषयी लिहिणे भाग आहे, अन्यथा पुढील कलमे कोणाला कळणार नाहीत. मोहाडीच्या कोष्टी घरात माझा जन्म झाला. वडील तुटलेला धागा जोडल्यावर त्या जागेवरून बोट फिरवीत आणि बोटाला गाठ लागली, तर विणलेले उसवीत. ती शिस्त मी पोलादाला लावली. बावीस वर्षे तंत्रनिकेतनात शिकवले. तेथील प्राचार्य मला "बोल्टवाले मास्तर" म्हणत. त्यांना मी माझ्या पुस्तकांतील एकही पुस्तक देत नाही, दिले तरी ते वाचणार नाहीत.

सन २००१ मध्ये मी शहापूरला हमरस्त्यालगत वर्कशॉप टाकले. लष्कराने लिलावात काढलेले ट्रक भाताच्या गिरण्यांचे मालक विकत घेत. मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणारा भाग, बाद झालेला असे, म्हणून बाजारातला दुसरा बसवून घेत; आणि मग त्याला इंजिनाशी धरून ठेवणारा बोल्ट महिन्या-दोन महिन्यांत तुटे. डोके खाली पडे, उरलेला तुकडा भोकात रुतून बसे. बाकीचे मिस्त्री तो छिन्नीने ठोकून भोकाचे आटे नासवीत. माझ्याकडे तो बरोबर मध्यावर पंच मारून, उलट्या धारेच्या ड्रिलने, आट्यांना ओरखडा न येता निघे.

परंतु तुकडा काढणे ही अर्धीच दुरुस्ती होय. बोल्ट तुटतो, कारण नव्या अल्टरनेटरचा कान, म्हणजे बोल्ट ओवायचे टोक, जुन्या ब्रॅकेटमध्ये पुरा बसत नाही, मध्ये फट राहते. अडाणी मिस्त्री बोल्ट आवळून ती फट ओढून मिटवतो. वरून सारे घट्ट दिसते. आत बोल्ट वाकलेला, ताणलेला राहतो आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी एक दिवस जातो. माझ्या वर्कशॉपचा नियम होता: फट आवळायची नाही, फट भरायची. प्रत्येक ट्रकची फट मोजून तेवढ्याच जाडीची पोलादी रिंग लेथवर करायची, एकच करायची, आणि करणाऱ्याने तीवर आपला नंबर ठोकायचा. अड्याळचा धनीराम सार्वे माझा सर्वांत जुना फिटर. त्याचा नंबर तीन.

४. अड्याळचे गिरणीमालक मधुकरराव गभने यांचा ट्रक २९ डिसेंबर २०१३ रोजी माझ्याकडून दुरुस्त होऊन गेला. एकोणीस दिवसांनी, अड्याळच्या अलीकडे, बोल्ट तुटून अल्टरनेटर पंख्यात गेला, पंख्याचे पाते रेडिएटरमध्ये घुसले, काच वाफेने भरली आणि ट्रक बाभळीवर आदळला. ड्रायव्हर यादोराव यांचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. ते आजही लंगडतात.

दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारी २०१४ रोजी, भर दुपारी, मी वर्कशॉपच्या अंगणात सर्वांना उभे केले. मधुकरराव होते, गावातील पंधरा-वीस माणसे होती. कामाच्या कार्डावर धनीरामची सही होती. मी म्हणालो, "याच्या हातातला पाना काढून घ्या आणि विळा द्या."

धनीराम म्हणाला, "साहेब, रिंग टाकलो होतो मी. इंजिनातला तुकडा काढून पाहा ना. तोच सांगंल काय झालं तं."

"आठवी नापास माणूस मला तुटलेला धातू वाचायला शिकवणार?"

लोक हसले. तेव्हा वर्कशॉपमध्येच काम करणारा भूपेंद्र सर्वांत मोठ्याने हसला. धनीरामने अंगातला वर्कशॉपचा सदरा काढला, घडी घातली, लेथवर ठेवला आणि बनियानवर एसटी स्टँडकडे चालत गेला. तेव्हापासून तो अड्याळला पाण्याचे पंप दुरुस्त करतो. तो तुकडा मी काढला नाही. काढणे म्हणजे त्याचे ऐकणे झाले असते.

५. यंदा दिवाळीपूर्वी मधुकररावांनी गिरणीमागचे भंगार विकायला काढले. त्यात तो ट्रक होता. मी त्याचे इंजिन आणवले. तुकडा काढायला दोन दिवस लागले. माझे हात आता थरथरतात, तरी आट्यांना ओरखडा आला नाही. तुटलेल्या तोंडावर वाकून-वाकून थकलेल्या धातूच्या लाटा स्पष्ट होत्या. लोखंड मऊ, बाजारू. असा बोल्ट मी वर्कशॉपच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिला नव्हता. ब्रॅकेटवर, जेथे रिंग दाबून बसायला हवी, तेथे कान थेट घासल्याची खूण होती.

मी भूपेंद्रला बोलावले आणि तुकडा टेबलावर ठेवला. त्याने तो उचलून उलटसुलट पाहिला.

"काका, ट्रक नेला त्या दिवशी मधुकररावले घाई होती. पट्टा कुईकुई करून राहिला होता. धनीराम जेवाले गेला होता, म्हणून त्यानं बसवलेला बोल्ट मीच खोललो. रिंग खाली गरंगळली, बोल्टचे आटे खराब झाले. रिंग सापडलीच नाही. चौकातल्या दुकानातला बोल्ट आणलो आन् आवळून देल्लो."

"सांगितले का नाहीस?"

"तुम्ही इचारलंच कुठं? तुम्ही तं धनीरामचं नाव ठरवूनच उभे होते."

या वाक्याबद्दल मी त्याला क्षमा करणार नाही, कारण ते खरे आहे.

तुकडा कुलूपबंद करावा म्हणून मी खिशातून वर्कशॉपच्या कपाटाची किल्ली काढली. किल्लीला एक रिंग अडकवलेली आहे. त्या जानेवारीत झाडणाऱ्या बेबीबाईंना ती लेथच्या पायाशी सापडली होती. कडा इतक्या सफाईने मारलेल्या होत्या की मी ती ठेवून घेतली. चार मिलिमीटर जाडी, तीवर ठोकलेला आकडा तीन. तो आकडा मी रोज सकाळ-संध्याकाळ पाहत होतो आणि शिल्लक राहिलेली असेल, असे समजत होतो. माझ्या वर्कशॉपमध्ये रिंग शिल्लक राहतच नसे. तो माझाच नियम होता.

६. भूपेंद्र यास पुढील वस्तू द्याव्यात, अधिक काही नाही: (अ) सदर बोल्टचा तुकडा, काचेच्या डबीत. (आ) त्याच ट्रकचे इंजिन, ज्याच्या उरलेल्या तीन भोकांत मी स्वतः तीन बोल्ट मोडून ठेवले आहेत. आटे न नासवता ते तिन्ही त्याने काढले, तरच त्याला वर्कशॉपमध्ये नोकरी मागता येईल. मिळेलच असे नाही. नोकरी देणारा मी नसेन. (इ) चौकातल्या त्या दुकानातले बाजारू बोल्ट, एक किलो, म्हणजे त्याला वाण पडणार नाही. त्याची आई रडत येईल. तिला चहा द्यावा आणि हे कलम पुन्हा वाचून दाखवावे.

७. वर्कशॉप, लेथ, सर्व मापे व अवजारे आणि ज्या जमिनीवर ते उभे आहे ती जमीन, मी धनीराम सार्वे यास देतो. हे मृत्युपत्र माझ्या तेराव्याच्या दिवशी, भर दुपारी, वर्कशॉपच्या अंगणात, त्याच लोकांसमोर मोठ्याने वाचावे.

८. वरील कलम लिहून झाल्यावर शकुनबाई स्वतः एसटीने अड्याळला जाऊन धनीरामला सांगून आली. त्याचे उत्तर तिने मला जसेच्या तसे ऐकवले: "बाई, साहेबाले सांगजा, मले वर्कशॉप नाही पायजे. मेल्यावर वाचतीन तं मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

मी म्हणालो, त्याची ऐट पाहा.

शकुनबाई म्हणाली, "ऐट काहून नसन? तुमच्याचकडं शिकला. एवढे ताव लिवून राहिले, बारा वर्षांत एक डाव अड्याळले गेले असते तं लिवा लागलंच नसतं."

बारा नव्हे. अकरा वर्षे, दहा महिने, पाच दिवस. परंतु मुद्दा तिचा बरोबर आहे. माझ्यामागे वाचले असते, तर मला ते ऐकावे लागले नसते, आणि ही सोय मी न्यायाच्या नावाखाली करून घेत होतो. सबब कलम ७ मधील वाचनाची अट रद्द करतो. वाचन आज, मी जिवंत असताना, मी स्वतः करीन.

९. वाचन झाले. दुपारी बारा वाजता, अंगणात, उभ्याने. त्या दिवशी हसलेल्यांपैकी नऊ जण हजर होते. चार वारले आहेत, बाकीच्यांना निरोप दिला होता, त्यांची नावे मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवली आहेत. यादोराव बाकावर बसले होते. भूपेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला तोंड इकडे करायला लावले. धनीराम लेथजवळ हात बांधून उभा होता. वाचन संपल्यावर तो पुढे आला. मग म्हणाला, "साहेब, एक चुकलं."

मी कागद पुढे केला.

"रिंग चारची नोहे. सव्वाचारची होती. मीच केलो होतो."

मी किल्लीसह रिंग त्याच्या हातात दिली आणि मायक्रोमीटर दिले. त्याने मोजले, मग मला मोजायला लावले.

दुरुस्ती: कलम ५ मध्ये "चार मिलिमीटर" ऐवजी "सव्वाचार मिलिमीटर" असे वाचावे. दुरुस्ती धनीराम सार्वे याने सुचवली. मोजून पाहिले. तो बरोबर आहे. दुरुस्तीशेजारी मी व दोन्ही साक्षीदारांनी सही केली आहे.

किल्ली त्याने परत दिलेली नाही. कलम ७ कायम.

लिहून देणार: वासुदेव पुंडलिकराव हेडाऊ (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी वाचले, दुरुस्त केले व सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही सह्या केल्या:

साक्षीदार १: मधुकरराव गभने, अड्याळ (सही)
साक्षीदार २: डॉ. प्रवीण निंबार्ते, भंडारा (सही)

स्थळ: वर्कशॉपचे अंगण, शहापूर
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, रविवार