चार नणंदा आणि चाळीस नंबरचं पेरॉक्साइड

ग्रँड फोर्क्स,
१९ ऑगस्ट, सोमवार

प्रिय पोल्यामावशी,

तुला आणि तुझ्यातल्या देवाला कमरेतून वाकून नमस्कार. (उलट नमस्कारासाठी तू वाकू नकोस. नव्या खुब्याला अजून सहा आठवडे वाकायची बंदी आहे, असं नादियाने मला तीनदा बजावलंय. देव नुसती मान हलवलेलीही चालवून घेईल.) खुबा कसा आहे? काठीशी पटलं का? सातव्या मजल्यावर झोपताना अजून झाडावर झोपल्यासारखं वाटतं का? नादिया बोर्शच्या सारात साय हात राखून घालते, हे मला माहीत आहे. तू त्यावर काही बोलू नकोस. लेकीच्या घरी आहेस.

इकडे सगळं ठीक आहे. मी ठीक, घर ठीक, बागेतली शेपू तर इतकी ठीक आहे की तिला आवरावं लागतंय. तळघरातली तुझी चारही गांजाची रोपंसुद्धा ठीक आहेत. (चार म्हणजे तीन. सांगते.)

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण नादिया फोन स्पीकरवर ठेवते आणि पलीकडे तिचा श्वास ऐकू येतो. ती वाईट नाही, हे मी आधीच लिहून टाकते. तिला तू जवळ हवी आहेस, त्यात तिची काय चूक? मलाही तू जवळ हवी आहेस, पण माझ्याकडे लिफ्ट नाही. तू जाताना गाडीचा पट्टा लावता लावता म्हणालीस, "लूबा, चौघी जगल्या तर परत येईन गं. नाहीतर नादिया म्हणते तसं घर विकू आणि सुटू." सगळे हसले. आत येऊन भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, नादिया हसली नव्हती. तिने ते वाक्य नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं. तेव्हापासून दर फोनला पहिला प्रश्न तोच, "काय गं लूबे, कशा आहेत आईच्या चौघी?" डॉक्टर नाडी बघतात ना, तशा आवाजात. आणि मी दर वेळी म्हणते, "मजेत."

कायद्याने घरात चारच रोपं लावता येतात आणि तुला नणंदाही बरोबर चारच होत्या, हा योगायोग आपल्या घराला शोभणारा आहे. त्या चौघींची नावं रोपांना देण्याची कल्पना मला आधी जरा आगाऊ वाटली होती. पण पहिल्याच आठवड्यात तू सांगितल्याप्रमाणे कात्री घेऊन मार्फाचा शेंडा खुडला, तेव्हा कळलं की चाळीस वर्षांच्या संसाराचं औषध असंही असू शकतं. अन्युता बुटकी आणि रुंद, फ्रोस्या उंच आणि वाकडी, दुन्याशा सारखी दिव्याकडे मान करणारी, आणि मार्फा… मार्फा जिवंतपणी जशी होती तशीच. काही कमी-जास्त झालं की पहिलं पान तिचं पिवळं पडणार.

सुरुवातीचे पाच-सहा आठवडे मी तू लिहून दिलेली वही देवाच्या वाणीसारखी पाळली. टबातलं पाणी (माती नाहीच, मुळं थेट पाण्यात), पाण्यात खत, माशांच्या टाकीचा पंप टबात बुडबुडे काढतोय ना, दिवे वेळेवर लागतात ना, सगळं. मग जुलैच्या शेवटी तो उकाडा आला. तळघरसुद्धा तापलं, टबातलं पाणी कोमट झालं आणि एका सकाळी झाकण उचललं, तर लोणच्याच्या पिंपाच्या तळाला येतो तसला वास. मुळं तपकिरी, बुळबुळीत. वहीत बघितलं. तू लिहिलंयस, "मुळं पांढरी असावीत. तपकिरी झाली तर पेरॉक्साइड, थोडं."

मावशी, या "थोडं"बद्दल आपण एकदा बसून बोललं पाहिजे. तुझ्या बोर्शमध्येही मीठ थोडं असतं, साय थोडी असते, आणि चुलत बहिणींच्या तीन पिढ्या त्या थोड्याच्या शोधात खपल्या आहेत. पण पेरॉक्साइड हा शब्द वाचला आणि मला हायसं वाटलं. निदान ही एक गोष्ट तरी मला कळते! बावीस वर्षं आपल्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवतेय. या गावातल्या सोनेरी बायकांपैकी निम्म्या मी सोनेरी केलेल्या आहेत. (उरलेल्या निम्म्या शेजारच्या गावात जातात आणि ते दिसतं.) पेरॉक्साइड माझ्या कपाटात नंबराने लावलेलं असतं. दहा नंबर भित्र्या बाईला, वीस नंबर पिकल्या केसांना आणि चाळीस नंबर जिचा नुकताच घटस्फोट झालाय तिला. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं त्याच्या चौपट जोर या चाळीस नंबरात. मी मुळांकडे पाहिलं. इतकं गडद तपकिरी प्रकरण वीसने उजळणार नाही, असा माझा अनुभव सांगत होता.

आणि आमच्या धंद्यातलं पेरॉक्साइड पातळ नसतं, साय घातल्यासारखं दाट असतं, केस मऊ राहावेत म्हणून, हे मला माहीत होतं. फक्त त्या क्षणी ते महत्त्वाचं वाटलं नाही. टबात ओतलं, पंप चालूच होता, मी वर आले. श्रीमती काझाकॉफचे केस गुंडाळायचे होते. दोन तासांनी त्याच म्हणाल्या, "लूबा, खालून नारळाचा वास येतोय. काही गोडाचं केलंयस का?" खाली गेले तर टब दिसेना. पंपाने सगळं ताकासारखं घुसळलं होतं. फेस टबातून उतरून बटाट्यांच्या खोक्यावरून जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन पोचला होता, आणि त्यातून चार नणंदांची डोकी तेवढी वर, बाप्तिस्म्याला आल्यासारखी. मी तो फेस बर्फ काढायच्या फावड्याने काढला. ऑगस्ट महिन्यात. श्रीमती काझाकॉफ जिन्याच्या वरच्या टोकाला टॉवेल डोक्याला लावून उभ्या होत्या आणि त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. अशी माणसं जपून ठेवावीत.

पण खरा घात दुसऱ्या दिवशी झाला. झाकण उचललं तर मुळं पांढरीशुभ्र! दुधासारखी, लेससारखी. बावीस वर्षांची सवय आहे मावशी, काळ्याचं पांढरं झालं की काम फत्ते. मी तुला लगेच फोन केला, "मुळं एकदम पांढरी झाली गं," आणि तू म्हणालीस, "शाबास, माझी गुणी पोर ती," आणि मागून नादियाने काहीतरी जोरात आपटलं. मी इतकी खूश झाले की पुढचे आठ दिवस रोज सकाळी झाकणभर आणखी घालत राहिले. मुळं परत काळी पडू नयेत म्हणून. गिऱ्हाईक सहा आठवड्यांनी येतं, इथे तर मुळं घरातच होती.

ती पांढरी झाली होती, कारण ती मेली होती. हे मला वास्याकाकांकडून कळलं.

वास्याकाका रोज संध्याकाळी "बटाटे बघून जातो" म्हणून येतात, हे मी तुला सांगितलं नव्हतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शेजारी आहेत, बायको गेल्यापासून त्यांना कुठल्याही गोष्टीकडे बघायला आवडतं. पण गेल्या मंगळवारी मी कपडे वाळत घालायची दोरी आणायला खाली गेले, तर काका टबावर ओणवे, कोटातून काढलेली काकडीच्या लोणच्याची बरणी उपडी करून काहीतरी काळं ओतताहेत.

"काका, हे काय चाललंय?"

"बटाटे बघतोय."

"टबात?"

बरणी त्यांनी परत कोटात घालायचा प्रयत्न केला. ती सांडली. मग म्हणाले, "खत आहे. माझं स्वतःचं. गांडुळांचं, मळी घालून दोन दिवस बुडबुड्यांवर ठेवलेलं. जिवंत खत आहे हे, लूबा. थेंबा-थेंबात लाखो जीव आहेत. ते मुळांना सांभाळतात."

"कधीपासून घालताय?"

"पोल्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"रोज?"

"रोपं आजारी पडल्यापासून रोज दोन बरण्या."

"अहो, आणि मी रोज सकाळी पेरॉक्साइड घालतेय!"

काकांनी टोपी काढली. खरंच काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी. "रोज सकाळी?" म्हणाले. "म्हणजे मी रोज संध्याकाळी लाखो जीव आणून सोडतो, आणि तू रोज सकाळी ते मारतेस?" मग बटाट्यांच्या खोक्यावर बसले. "आपले पणजोबा युद्ध नको म्हणून रशियात स्वतःच्या हाताने बंदुका जाळून इथे कॅनडात आले. आपण कोंबडीला हात लावत नाही. मी अजून सैन्याच्या परेडला रस्ता बदलतो. आणि पोल्याच्या तळघरात, पोल्याच्या भाचीने…"

मी म्हटलं, "काका, मुळं कुजवत होते तेही जीवच होते ना? त्यांच्या बाजूने कोण बोलणार?"

यावर काकांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "हा प्रश्न मोठा आहे. रविवारी सांगतो." आणि मावशी, रविवारी प्रार्थनेनंतर ते खरोखरच प्रार्थनाघराच्या पायरीवर थांबले होते. गायनमंडळातल्या सगळ्या बायका बाजूला उभ्या. (सिगरेटचं नाव काढलं तरी कानांवर हात ठेवणाऱ्या या बायका, पण जवळून गेलं की प्रत्येकीच्या बोटांना तू गांजाच्या पानांचं करतेस त्या मलमाचा वास, आणि प्रत्येक जण तो मेणबत्तीचा आहे असं समजून घेतो.) सर्वांदेखत काका म्हणाले, "विचार केला. दोघांचंही चुकलं. एक तर मारायचं ठरवावं, नाहीतर जगवायचं. दोन्ही आलटून पालटून केलं की त्याला युद्ध म्हणतात." बायकांनी माना डोलावल्या. हे कशाबद्दल चाललंय, हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

त्याआधी, बुधवारीच, आणखी एक निघालं होतं. पेरॉक्साइड आणि गांडुळं बाजूला ठेवली तरी मी वहीप्रमाणे खत घालत होते आणि काका त्यांच्या मनाप्रमाणे. पानांची टोकं करपली होती ती त्यामुळे. काका म्हणाले, "आजारी पडली म्हणून आपण दोघं त्यांना वाढतच राहिलो. आजारी माणसाला कुणी सारणाच्या पिरोझ्की भरवतं का?" मी म्हटलं, "काका, आपल्याकडे भरवतात." त्यावर ते पहिल्यांदा हसले. मग आम्ही दोघांनी टब रिकामा केला, घासला, नुसतं थंड पाणी भरलं, बाटल्यांत बर्फ करून त्यात सोडला, आणि ठरवलं की आता कुणी काही घालायचं नाही. काहीच न घालणं हे फार कठीण काम आहे. आम्ही दोघं रोज संध्याकाळी टबाजवळ हात मागे बांधून उभे राहतो आणि एकमेकांवर नजर ठेवतो.

त्या उभं राहण्यात काका बोलतात. एरवी बोलत नाहीत. परवा म्हणाले, "गायनमंडळात पोल्याचा आवाज वरच्या आवाजांत ऐकूही येत नाही गं. पण खालच्या पट्टीत कुणीतरी लागतं, म्हणजे बाकीच्यांना उभं राहायला जमीन मिळते. दोन महिने झाले, सगळं मंडळ हवेत गातंय." मला त्या क्षणी असं वाटलं की आपण आयुष्यभर माणसांना काय हवंय ते त्यांच्या रोपांवरून, लोणच्यावरून, बटाट्यांवरून ओळखत बसतो, आणि सरळ विचारायला मात्र धजत नाही. मग पंपाचा आवाज बदलला आणि आम्ही दोघंही तिकडे धावलो.

तर अशी हकीकत आहे. मार्फा गेली. ती जाताना आपल्याला दोष देऊन गेली, हे तिच्या पानांवरून स्पष्ट होतं. बाकीच्या तिघी सावरताहेत. नादियाला यातलं काही सांगू नकोस. विचारलंच तर "मजेत" म्हण. मी दोन महिने तेच म्हणतेय, आता सरावाने खोटं वाटतही नाही. हाडांची काळजी घे, पायऱ्या दिसल्या तर त्यांच्याकडे बघूही नकोस.

तुझीच,
लूबा

ता. क. वर तिघी लिहिल्यात, ते पत्राला सुरुवात केली तेव्हा खरं होतं. मधे श्रीमती काझाकॉफचा रंग होता, म्हणून पत्र दोन दिवस लांबलं. आता अन्युता एकटी आहे. तुझी धाकटी नणंद. तीच तुझी त्यातल्या त्यात आवडती होती, असं मला वाटतं. खाडाखोड केली तर पत्र वाईट दिसेल म्हणून वरचं तसंच ठेवतेय.

ता. क. २. वास्याकाकांनी शपथ घातलीय, म्हणून हे मी सांगत नाहीये. तळघराच्या जिन्याला आता दोन्ही बाजूंनी कठडा आहे, फर झाडाच्या लाकडाचा, हात फिरवला तरी कुसळ लागणार नाही असा घासलेला. पायरी-पायरीवर खरबरीत पट्टी. पुढच्या दाराच्या दोन पायऱ्यांवर उतरण केलीय. न्हाणीघरात धरायला दांडा. मी म्हटलं, "काका, पोल्यामावशी येणार की नाही हेच ठरलेलं नाही." ते म्हणाले, "मी कुठे म्हणतोय येणार म्हणून? घर विकायचं झालं तरी कठडा लागतोच." आणि त्या कठड्याची उंची ठरवताना त्यांनी माझा खांदा मोजला नाही. तुझ्या जुन्या कोटाची बाही मोजली.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी खाली जाऊन आले. अन्युताही गेली. म्हणजे तू घातलेल्या अटीप्रमाणे आता चौघींपैकी एकही नाही, आणि तुला परत यायला कारणही नाही. मी शुक्रवारी पार्लर बंद ठेवून केलोनाला, नादियाच्या घरी येतेय. नादियाला जे सांगायचं ते मी सांगेन, समोर बसून, खरं खरं. तू फक्त सामान बांधून ठेव. मावशी, कारण नसताना ये.