जखमीला हलवू नये

सर, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मला तुमचा राग आलाय. मीही आता तुमच्यासारखीच हायस्कूलला खेळ शिकवते, मुलींचा कबड्डी संघ माझ्याकडे आहे. परवा आमच्याच मैदानावर शेजारच्या शाळेशी सामना होता. चढाईला गेलेली माझी नववीतली पोरगी पकडीत उलटी झाली आणि डोक्यावर आपटली. मी धावत जाऊन तिच्याजवळ बसले, तर वर बघत म्हणाली, "मॅडम, माझं पाय कुठं हायत?" सर, पाय तिच्या अंगालाच होते, माझ्यासमोर, सरळ.

आता शाळेत अशा प्रसंगाची तयारी आधी करून ठेवतात, तुमच्या वेळी नव्हतं हे. गेल्या वर्षी मीच बसून आराखडा लिहिला. एकशे आठला फोन कुणी करायचा, गेट कुणी उघडायचं, गर्दी कुणी मागं सारायची, एकेक काम एकेकीला वाटून दिलं. दर महिन्याला खोटा अपघात करून सराव घ्यायचे. एकजण पडल्याचं सोंग करायची आणि बाकीच्या खिदळायच्या. त्या कागदावरचं पहिलंच वाक्य होतं, जखमीला हलवू नये.

आणि परवा मी काय केलं? तिच्या काखेत हात घातले आणि "ऊठ बाळा, ऊठ, चालून बघ" म्हणत तिला उचलायला लागले! तो आवाज माझा नव्हताच सर, तुमचा होता. मी दहावीत असताना गडहिंग्लजच्या स्पर्धेत अशीच पडले होते. तुम्ही माझं डोकं दोन्ही हातांत धरून मान ओढलीत, कट्‌ असा आवाज आला. "काय न्हाय झालं. मातीतलं दुखणं मातीतच जिरवायचं. ऊठ, चल," म्हणालात. मी उठले, पुढच्या चढाईत दोन गुण आणले, टाळ्या पडल्या. तालमीतल्या वस्तादाचा हात तुमच्याकडं आलाय, असं सगळे म्हणायचे. मी तर तो हात देवाचाच मानत आले.

तिचे खांदे जमिनीपासून चार बोटं वर आले असतील, तेवढ्यात संघातली एक मुलगी किंचाळली, "मॅडम, हलवू नका! तुम्हीच शिकवलंय की!" मी थांबले. तिला अलगद टेकवलं. बघते तर एकीचा फोन लागला होता, दुसरी गेटकडे पळत सुटली होती, तिसरी हात पसरून बघ्यांवर ओरडत होती, "पावणं, मागं सरा की!" पोरींना आराखडा पाठ होता, मला तुम्ही पाठ होतात. रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिचं डोकं दोन्ही हातांनी नुसतं स्थिर धरून बसले.

मानेचा मणका मोडलाय. ऑपरेशन झालं. काल उजव्या पायाची बोटं हलली, डावा पाय अजून नाही. मोठ्या डॉक्टरांना मी गडहिंग्लजची गोष्ट सांगितली, कौतुकानंच सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, नशीब थोर तुमचं. अशी मान ओढल्यावर माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो." म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला तुमचा हातगुण समजत होते, ते निव्वळ माझं नशीब होतं? किती पोरी उठवल्यात सर तुम्ही अशा? आणि मी तरी किती उठवल्या असतील, त्या कागदाच्या आधी? काल रात्रभर एकेकीचा चेहरा आठवत होते.

आज तिची आई भेटली. माझे दोन्ही हात धरून रडली. "मॅडम, तुमी हुता म्हणून पोरगी हाताला लागली." हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार मी? तुम्ही वाचणार नाही म्हणूनच तर लिहिता येतंय. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरनं मला विचारलं होतं, पडल्यानंतर हिला कुणी हलवलं का?

मी म्हणाले, नाही.