‘धुण्याचा वार’ या लेखाच्या मालकीबाबत

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, निवृत्त भाषाशिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी शेजारी बसून सांगत नाही. खोलीत मी एकटी आहे आणि दाराला आतून कडी आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला मी दोन डॉक्टरांकडून घेतला आहे, कारण पहिल्याने नाडीही न बघता “उत्तम, उत्तम” म्हणून सही ठोकली. प्रत्येक पानावर माझी सही आहे आणि रिकाम्या जागेवर रेघ मारली आहे. मागाहून कोणी काही घुसवू नये.

१. राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या बहिणीच्या मुलास द्यावे. गेल्या महिन्यात मी चहा टाकायला आत गेले, तर हा टेप घेऊन गॅलरी मोजत होता. विचारले तेव्हा म्हणाला, “काही नाही गं मावशी, पडदे बदलू म्हटलं.” गॅलरीला आजवर एकही पडदा नव्हता. तरी घर त्यालाच, कारण माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर चार दिवस तोच बसून होता. मात्र कलम ४ मधले कपाट रिकामे होईपर्यंत त्याने रद्दीवाल्याला जिन्यातही उभे करू नये.

२. बँकेतील शिल्लक शाळेच्या वाचनालयास, पुस्तकांसाठी. तयार निबंधांची पुस्तके घेऊ नयेत. घेतलेली पुस्तके कपाटात दिसतात का, हे वर्षभराने कोणीतरी जाऊन पाहावे.

३. भिंग आणि लाल पेने कोणालाही देऊ नयेत. मुले पाठीमागे मला ‘भिंगबाई’ म्हणत, हे मला ठाऊक होते. एकतीस वर्षे मी शाळेचा वार्षिक अंक काढला. मुलांच्या गोष्टी, पुस्तक-परीक्षणे, घरादारावरची टिपणे, सगळे माझ्या डोळ्यांखालून गेले, आणि मी डोळ्यांत तेल घालून नक्कल शोधली. परीक्षणे बहुधा पुस्तकाच्या पाठीवरूनच उतरवलेली असत. एकाने तर छापखान्याचा पत्ताही उतरवला होता. माझी एक रीत होती. लेख वर्गात मोठ्याने वाचायचा, मध्येच थांबायचे आणि लिहिणाऱ्याला उभे करून म्हणायचे, “पुढचं वाक्य सांग.” सांगता आले तर लेख अंकात. नाही आले तर चोर. या रीतीचा मला फार अभिमान होता.

४. लोखंडी कपाटात नाकारलेल्या लेखांच्या वह्या आहेत. त्यांतील हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत नववीतल्या एका मुलीचा ‘धुण्याचा वार’ हा लेख आहे. त्यात असे आहे: “बाबांचा शर्ट भिजवण्याआधी आई खिशात हात घालून बघते. काही नसतं. तरी दर वेळी बघते.” चौदा वर्षांची मुलगी असे लिहील, हे मला पटले नाही. वर्गात वाचताना मी यातल्या पहिल्या वाक्यावर थांबले. ती उभी राहिली आणि म्हणाली, “आठवत नाही, बाई.” वर्ग हसला. मी वहीवर लाल अक्षरात ‘चोरी’ असे लिहिले आणि वही ठेवून घेतली. त्यानंतर शाळा सोडेपर्यंत तिने अंकासाठी एक ओळ दिली नाही.

आमचे ग्रंथपाल तेव्हा मला म्हणाले, “बाई, पोरीनं लिहिलंय हो ते.” मला वाटले, मूळ पुस्तक यांनीच तिला दिले असणार. ते पुस्तक शोधण्यासाठी मी निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी त्यांची कपाटे उपसली. दर शनिवारी ते विचारत, “सापडलं का?” नाही सापडले. या प्रश्नाचा राग माझ्या मनात अजून आहे. ग्रंथपालांना मी काही ठेवत नाही, कारण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही मिळाले की माझ्यासारख्यांना शंका येते.

मागच्या पावसाळ्यात कपाट आवरताना एका पुस्तकाचे टाइप केलेले परीक्षण हाती आले. वर नाव नव्हते. भाषा जरा जास्तच घोटीव वाटली, म्हणून मी समासात लिहिले, ‘कोठून उतरवले?’ पान उलटले तर मागे माझीच सही. तरुणपणी मी ते एका मासिकाला पाठवले होते. त्यातले एकही वाक्य मला आठवत नव्हते. मग मी अंकांच्या जुन्या प्रती काढून बसले. ज्यांनी स्वल्पविरामासकट पुढचे वाक्य म्हणून दाखवले होते, त्यांच्यापैकी तिघांचे लेख नंतर छापील पुस्तकांत शब्दशः सापडले होते. ती मुले पाठ करून आली होती. जी लिहून विसरली, त्यांना मी चोर ठरवले.

ती मुलगी आता दोन गल्ल्या सोडून कपडे दुरुस्तीचे दुकान चालवते. मी वही घेऊन गेले. तिने मशीन थांबवून सगळा लेख वाचला.

“छान आहे,” ती म्हणाली. “कुणी लिहिलाय?”

“तू.”

तिने पुन्हा वाचला. “नाही हो बाई. मला कुठं जमतंय असलं. तुम्ही तेव्हा म्हणालातच ना, कुठून तरी उतरवला असेल मी.”

मी समजावले. ती हसून पुन्हा मशीनवर बसली. जुनी खोड जात नाही. परतताना माझ्याही मनात आलेच, की खरेच उतरवला असेल तर?

५. तेव्हा जाहीर करते की, मूळ पुस्तक मला सापडलेले नाही, लिहिणारीला लेख आठवत नाही, आणि माझी शंका पुरती गेलेली नाही. तरीही ‘धुण्याचा वार’ हा लेख तिचा आहे. तो शाळेच्या पुढच्या अंकात पहिल्या पानावर तिच्या नावाने छापावा, आणि अंक तिच्या दुकानात नेऊन तिच्या हातात द्यावा. ती नाही म्हणेल. तिला तसे म्हणायला मी शिकवले आहे. तरी द्यावा. पुरावा कोणी मागितल्यास नाही म्हणून सांगावे.

वरील मजकूर वाचून, बरोबर असल्याची खात्री दोनदा करून सही केली.

सही: निवृत्त भाषाशिक्षिका

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले:
१. (सही) निवृत्त ग्रंथपाल
२. (सही) दातांच्या डॉक्टर, तळमजला

स्थळ: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार